विकत घेतलेल्या वस्तूचे कुलूप

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला लागून येणारी लेबर डेची सुट्टी म्हणजे अटलांटाच्या मध्यवस्तीत ड्रॅगन कॉनचे दिवस. १९८७ साली सुरू झालेल्या या चाहत्यांच्या मेळाव्याला २०१९ मध्ये सुमारे ८५ हजार माणसे आली होती. पीचट्री स्ट्रीटच्या आसपासची मोठमोठी हॉटेले त्या दिवसांत ओसंडून वाहतात. एका हॉटेलातून दुसऱ्यात नेणाऱ्या बंदिस्त पुलांवरून चिलखते घातलेले योद्धे, अंतराळवीर आणि चेटकिणी दाटीवाटीने ये-जा करत असतात. कुणाचा मुखवटा महिनोन्महिने खपून घरी घडवलेला असतो, तर कुणाच्या अंगरख्याच्या शिवणीत दिव्यांच्या तारा ओवलेल्या असतात. या गर्दीतून वाट काढत मी दरवर्षी ज्या खोलीकडे वळते, तिथे मात्र वकील, प्रोग्रॅमर आणि ग्रंथपाल एका लांब टेबलामागे बसून कॉपीराइट, एन्क्रिप्शन, पोलिसी कॅमेरे आणि शोधवॉरंट यांवर बोलत असतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर्स फोरम हे या विभागाचे नाव. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर्स जॉर्जिया या स्थानिक संस्थेतल्या स्वयंसेवकांशी त्याचे जुने नाते आहे.

माझी सोळा वर्षांची मुलगी जुन्या मालिकांतले प्रसंग वेचून, त्यांना गाण्याची जोड देऊन छोटे व्हिडिओ बनवते. तिच्यामुळे मी या मेळाव्याला जाऊ लागले आणि माझा स्वतःचा व्यवसाय सॉफ्टवेअर तपासण्याचा असल्यामुळे या खोलीत रमले. मागच्या भिंतीशी पाठीला भलेमोठे पंख बांधलेली एक बाई तासभर उभी राहून टिपणे काढत होती, कारण त्या पंखांसह खुर्चीत बसणे शक्यच नव्हते. कायद्याच्या एखाद्या कलमासाठी सामान्य माणूस इतका वेळ ताटकळत उभा राहतो हे दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. विचार केल्यावर मात्र त्यात नवल वाटत नाही. चाहता आणि हॅकर यांच्या वृत्तीचे मूळ एकच आहे. हातात आलेली वस्तू जशी आली तशीच पुरी झाली, हे दोघांनाही मान्य नसते. एकजण कथेचा शेवट बदलून पाहतो, दुसरा यंत्राचे झाकण उघडून पाहतो, आणि दोघांनाही अडवणारी कलमे पुष्कळदा तीच असतात.

डिजिटल हक्कांच्या चळवळीचा अमेरिकेतला इतिहासही एका खेळापाशी येऊन पोहोचतो. १ मार्च १९९० रोजी सीक्रेट सर्व्हिस या अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेच्या अधिकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या कंपनीवर छापा घातला. ही कंपनी टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिका-खेळ छापत असे. अधिकाऱ्यांनी संगणक नेले, लवकरच प्रसिद्ध व्हायच्या ‘गर्प्स सायबरपंक’ या खेळपुस्तकाचा मजकूर नेला आणि खेळाडूंच्या गप्पा ज्यावर चालत तो ‘इल्युमिनाटी’ नावाचा बुलेटिन बोर्ड चालवणारा संगणकही नेला. भविष्यातल्या काल्पनिक हॅकरांची भूमिका वठवण्यासाठी लिहिलेले हे पुस्तक म्हणजे संगणकगुन्ह्यांची मार्गदर्शिका आहे, असे आपल्याला सांगण्यात आल्याची हकिकत जॅक्सन यांनी नंतर नोंदवली आहे. कंपनीवर कुठलाही गुन्हा दाखल झाला नाही, तरीही पुस्तक रखडले आणि तिला जवळपास निम्मी माणसे कमी करावी लागली.

या छाप्याचा धागा अटलांटापर्यंत येतो, हे मला फार उशिरा कळले. बेलसाउथ या अटलांटातल्या दूरध्वनी कंपनीच्या संगणकातून १९८८ मध्ये एका हॅकरने ९११ या आपत्कालीन सेवेच्या कारभाराविषयीचा एक दस्तऐवज नकलून घेतला. त्याची काटछाट केलेली प्रत १९८९ मध्ये ‘फ्रॅक’ या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात आली. स्टीव्ह जॅक्सन यांच्याकडे काम करणारा आणि सायबरपंकचे पुस्तक लिहिणारा लॉइड ब्लँकनशिप स्वतःचा बुलेटिन बोर्ड चालवत असे व तिथे ‘फ्रॅक’चे अंक असत, एवढ्या दुव्यावरून संशय खेळाच्या कंपनीपर्यंत पोहोचला. ‘फ्रॅक’चा संपादक क्रेग नायडॉर्फ हा कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्यावर खटला उभा राहिला तेव्हा दस्तऐवजाची किंमत ७९,४४९ डॉलर सांगण्यात आली. ती किंमत काढताना तो ज्यावर टंकला त्या संगणकाचा आणि ज्यावर छापला त्या प्रिंटरचा खर्चही धरलेला होता. जुलै १९९० मध्ये न्यायालयात असे पुढे आले की तीच माहिती असलेली पुस्तिका कुणालाही सुमारे १३ डॉलरला विकत मिळते, आणि खटला तिथेच कोसळला. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. न समजणाऱ्या गोष्टीची भीती वाटली की तिची किंमत वाढवून सांगितली जाते आणि ती किंमत एका विद्यार्थ्याच्या आयुष्यातून वसूल करण्याची तयारी होते, हे त्यातून उघडे पडते.

त्याच महिन्यात मिच कपूर, जॉन पेरी बार्लो आणि जॉन गिलमोर यांनी डिजिटल हक्कांसाठी लढणारे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन स्थापन केले. जॅक्सन यांनी सीक्रेट सर्व्हिसवर दावा लावला, तो या संस्थेच्या पाठबळावर. १९९३ मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. नुकसानभरपाई ५० हजार डॉलरच्या थोडी वर होती, पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की जप्त झालेल्या संगणकात अजून न वाचलेली १६२ खाजगी पत्रे होती आणि त्या पत्रांनाही कायद्याचे संरक्षण आहे हे न्यायालयाने मान्य केले. आज आपण ईमेलच्या गोपनीयतेवर जो हक्क सांगतो, त्याच्या पायाशी फासे टाकणाऱ्या खेळाडूंच्या गप्पा आहेत. म्हणूनच हा विषय विधी महाविद्यालयाच्या सभागृहात जितका शोभतो, तितकाच चाहत्यांच्या मेळाव्यातही शोभतो, असे मी मनापासून मानते.

अटलांटाचा स्वतःचा लढा यानंतरचा. जॉर्जिया राज्याने १९९६ मध्ये एक कायदा केला आणि इंटरनेटवरून खोट्या ओळखीने मजकूर पाठवणे हा गुन्हा ठरवला. परवानगी असल्याचा भास होईल अशा रीतीने दुसऱ्याचे व्यापारचिन्ह वापरणेही त्यात आले. फसवणुकीचा हेतू असलाच पाहिजे अशी अट कायद्याच्या शब्दांत नव्हती. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांच्या संघटनेची जॉर्जिया शाखा, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर्स जॉर्जिया, एड्सग्रस्तांसाठी काम करणारी एक संस्था, इतकेच नव्हे तर राज्याच्याच विधिमंडळातले एक सदस्य मिचेल के हे वादी म्हणून उभे राहिले. जून १९९७ मध्ये न्यायाधीश मार्विन शूब यांनी कायद्याच्या अंमलबजावणीला मनाई केली. कायद्याचे शब्द इतके मोघम आहेत की निर्दोष बोलणेही त्यांच्या कचाट्यात सापडेल, हे त्यामागचे मुख्य कारण होते. आपला आजार कुटुंबालाही न सांगता मदत शोधणाऱ्या माणसाला वेगळ्या नावाखाली बोलता आले नाही, तर तो बोलणारच नाही.

मराठी वाचकाला याची निकड वेगळी समजावून सांगावी लागू नये. गोपाळ हरि देशमुख १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये समाजाला खडे बोल सुनावत होते ते ‘लोकहितवादी’ या नावाने. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, आरती प्रभू, ग्रेस ही नावे आपण इतक्या आपुलकीने घेतो की त्यांतले एकही जन्मनाव नाही हे लक्षातही येत नाही. घेतलेल्या नावामागे लपवाछपवी असतेच असे नाही. पुष्कळदा त्या नावाखाली माणूस अधिक खरे बोलतो. मेळाव्यात गळ्यात अडकवलेल्या बिल्ल्यांवर माणसे स्वतः निवडलेली नावे लावून फिरतात आणि वर्षानुवर्षांचे मित्र एकमेकांना त्याच नावांनी ओळखतात. मोघम शब्दांचा कायदा काय करू शकतो हेही आपण घरच्याच अनुभवातून जाणतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर एक मत मांडले म्हणून आणि त्या मताला पसंती दर्शवली म्हणून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यांच्यावर लावले गेलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. तिथेही दोष होता तो शब्दांच्या मोघमपणाचा. त्रास होणे, गैरसोय होणे अशा शब्दांची मर्यादा कुणी आखायची, हे त्या कलमात कुठेच लिहिलेले नव्हते.

आमच्या घरात हा प्रश्न आला तो मुलीच्या व्हिडिओच्या निमित्ताने. तिने एका जुन्या मालिकेतल्या दुय्यम स्त्रीपात्राचे सगळे प्रसंग गोळा केले होते. मालिकेत त्या बाईला बोलायला फार थोडी वाक्ये होती, म्हणून मुलीने केवळ तिच्या नजरेच्या क्षणांतून एक वेगळीच कथा उभी केली होती. व्हिडिओ चढवल्यावर काही दिवसांतच तो कॉपीराइटच्या तक्रारीवरून काढून टाकण्यात आला. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात यावर उत्तर देण्याची सोय आहे. प्रतिनोटीस पाठवायची, आणि तक्रारदाराने दावा लावला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत दिसू लागला पाहिजे. कागदावर ही सोय न्याय्य दिसते. पण त्या प्रतिनोटिशीत खरे नाव, घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा लागतो, मजकूर चुकीने काढला गेला अशी आपली प्रामाणिक समजूत असल्याचे प्रतिज्ञेवर सांगावे लागते, न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचे लिहून द्यावे लागते, आणि हा सगळा तपशील तक्रारदाराच्या हाती जातो. तक्रार करणाऱ्या कंपनीचे नाव आधीपासूनच जगजाहीर असते, त्यामुळे तिला गमावण्यासारखे काही नसते. टोपणनावाने काम करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीने मात्र आपला पत्ता एका अनोळखी विधी विभागाला द्यायचा असतो. तिने अर्ज अर्ध्यापर्यंत भरला आणि सोडून दिला. आईवडील म्हणून आम्हीही तिला आग्रह केला नाही. कायद्याने दिलेले उत्तर वापरण्याची किंमत इतकी ठेवली, तर ते उत्तर फक्त धीट आणि सधन माणसांसाठी उरते.

याच कायद्याचे दुसरे टोक म्हणजे कलम १२०१, आणि त्या खोलीतल्या चर्चा फिरून फिरून इथे येतात. डिजिटल वस्तूवर घातलेले कुलूप तोडणे हे कलम मनाई करते. नकल करून विकण्याचा हेतू होता की आपल्याच तबकडीतला पाच सेकंदांचा तुकडा हवा होता, याने फरक पडत नाही. डीव्हीडीवरच्या चित्रपटाला सीएसएस नावाचे सांकेतिक कुलूप असे. १९९९ मध्ये ते उघडणारा डीसीएसएस हा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला. त्यामागच्या नावांपैकी नॉर्वेतला योन लेख योहानसेन तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याच्यावर त्याच्या देशात खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. इकडे अमेरिकेत ‘२६००’ या हॅकरांच्या त्रैमासिकाला मात्र २००० साली न्यायाधीश लुइस कॅपलन यांनी तो प्रोग्रॅम प्रसिद्ध करण्यास मनाई केली. त्यावर हॅकरांनी तोच प्रोग्रॅम कवितेत लिहिला, गाण्यात गायला आणि कपड्यावर छापला. मेळाव्यात मी असा एक टी-शर्ट जवळून पाहिला आहे. धुऊन धुऊन करडा झालेला काळा कपडा आणि त्यावर पाठभर बारीक अक्षरांत प्रोग्रॅमच्या ओळी. अशा शर्टांच्या विक्रेत्यालाही कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात प्रतिवादी केले गेले होते. सभोवती इतके देखणे पोशाख असताना मला त्या साध्या शर्टाचे कौतुक वाटले, कारण तो घालणाऱ्याने एक युक्तिवादच अंगावर वागवला होता. प्रोग्रॅम हेही माणसाचे बोलणेच आहे, हा तो युक्तिवाद.

मुलीच्या छंदाला केवढा वारसा आहे हे मला याच खोलीत समजले. १९७५ मध्ये कँडी फाँग या चाहतीने ‘स्टार ट्रेक’च्या स्थिरचित्रांची एका गाण्याबरोबर जुळणी करून ती मेळाव्यात दाखवली. पुढे दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून, सेकंद मोजत, स्त्रियांनी हा प्रकार घरोघरी वाढवला आणि मेळाव्यांतूनच तो एकमेकींना शिकवला. डीव्हीडी आल्यावर चित्र स्वच्छ झाले, पण ते बाहेर काढणे बेकायदेशीर झाले. कलम १२०१ मध्ये दर तीन वर्षांनी सूट मागण्याची तरतूद आहे. कॉपीराइट कार्यालय सुनावण्या घेते आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख ग्रंथपाल निर्णय देतात. २००६ मध्ये डीव्हीडीतले तुकडे वापरण्याची सूट मिळाली ती चित्रपट शिकवणाऱ्या प्राध्यापकांना. २००७ मध्ये स्थापन झालेल्या ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स या चाहत्यांच्या संस्थेने आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने पुढच्या फेरीत सामान्य निर्मात्यांसाठी ती मागितली.

२००९ च्या त्या सुनावणीत चित्रपट उद्योगाच्या प्रतिनिधींनी एक चित्रफीत लावली. अंधाऱ्या खोलीत टीव्हीवर चित्रपट सुरू करायचा, समोर तिकाटण्यावर कॅमेरा ठेवायचा आणि पडद्याचे चित्रीकरण करायचे, म्हणजे कुलूप तोडण्याची गरजच राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चित्रपटगृहात पडद्याचे चित्रीकरण करणाऱ्याला तुरुंगात पाठवा म्हणणारा उद्योग घरातल्या निर्मात्यांना तोच मार्ग सुचवत होता. कायद्याच्या प्राध्यापक रिबेका टुश्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्राचा दर्जा हाच अर्थाचा भाग असतो हे पटवून दिले. दुय्यम पात्राच्या डोळ्यांतला भाव मोठा करून दाखवायचा असेल, तर पडद्यावरून टिपलेल्या धूसर चित्रात तो उरतच नाही. जुलै २०१० मध्ये अव्यावसायिक व्हिडिओंना, टीका वा भाष्यासाठी छोटे तुकडे घेण्याची सूट मिळाली. टोपणनावाने, घरच्या टेबलावर काम करणाऱ्या असंख्य स्त्रियांचा हा विजय होता, आणि तो मिळवताना त्यांच्या वतीने काहीजणींनी स्वतःच्या नावाने साक्ष दिली होती.

मला सलते ते यापुढचे. ही सूट कुलूप उघडण्याच्या कृतीला आहे. कुलूप उघडणारे साधन बनवून दुसऱ्याला देण्यावरची बंदी तशीच आहे आणि ग्रंथपालांना ती उठवण्याचा अधिकार नाही. म्हणजे माझ्या मुलीला कायद्याने परवानगी आहे, पण तिला किल्ली देणारा कायदा मोडणारा ठरतो. शिवाय सूट कायमची नसते. मोबाइल फोन दुसऱ्या कंपनीच्या सेवेसाठी मोकळा करण्याची सूट २०१२ च्या फेरीत काढून घेतली गेली आणि जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या नव्या फोनना ती राहिली नाही. एक लाखाहून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे निवेदनावर सह्या केल्या, तेव्हा काँग्रेसने कायदा केला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. पैसे मोजून घेतलेला फोन आपल्या मर्जीने वापरता यावा यासाठी देशाच्या संसदेला मध्ये पडावे लागले. २०१८ पासून जुन्या सवलतींचे नूतनीकरण सोपे झाले आहे, तरीही मागणे काही संपलेले नाही.

भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ घातले, तेव्हा या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले. तिथे कुलूप तोडणे गुन्हा ठरते ते हक्कभंगाचा हेतू असेल तर, आणि कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडले तर ते कलम लागू होत नाही. साधन पुरवणाऱ्याने कुणाला व कशासाठी पुरवले याची नोंद ठेवावी, अशी अट आहे. खाजगीपणाच्या दृष्टीने ही नोंदवही मला खटकते, तरी किल्ली देणाऱ्यालाही कायद्याने वाट ठेवली आहे. पुण्यातले माझे वकील मित्र सांगतात की तिकडे या कलमाची चर्चा फारशी होत नाही. ती व्हायला हवी, कारण मायदेशात जे आधीच मिळालेले आहे तेच मागण्यासाठी इथे माणसे रांगेत उभी आहेत.

ऑक्टोबर २०२४ च्या फेरीत आइस्क्रीम यंत्रांसारखी दुकानातली उपकरणे दुरुस्त करण्यासाठी कुलूप तोडण्याची मुभा मिळाली. बाजारातून गेलेले जुने व्हिडिओ गेम ग्रंथालयांनी संशोधकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी मात्र फेटाळली गेली. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले होते की अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के आता विक्रीला उपलब्धच नाहीत. लोक ग्रंथालयाच्या नावाखाली करमणुकीसाठी खेळतील, अशी विरोधकांची भीती होती. ग्रंथालयातली कादंबरी कुणी आनंदासाठी वाचली तर त्यात गैर काय, हा प्रश्न एका ग्रंथपाल बाईंनी त्या खोलीत अत्यंत शांतपणे विचारला तेव्हा टेबलामागच्या वकिलांनी तो टिपून घेतला.

पुढच्या फेरीचा निर्णय २०२७ मध्ये अपेक्षित आहे. व्हिडिओंच्या सवलतीचे नूतनीकरण मागताना, ती गरज अजून टिकून आहे हे प्रत्यक्ष माहितीच्या आधारे कुणीतरी प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागते. मुलगी तोवर अठरा पूर्ण झालेली असेल. आपण काय बनवतो, कुठला तुकडा कशासाठी घेतो आणि पडद्यावरून टिपलेले चित्र का चालत नाही, हे तिने आत्तापासूनच दोन पानांत लिहून ठेवले आहे. ते कुठल्या नावाने द्यायचे हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि ते तिच्यावर सोडायचे असे आम्ही घरात ठरवले आहे.